वेशीपासूनचे अंतर

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. दुपारी एक वाजून दहा मिनिटे. आधी पायांखालची जमीन हलली, मग आवाज आला. खाणीतल्या सुरुंगाचा क्रम हाच असतो. मी अंगणात कागदांचे दप्तर बांधत होतो. माझ्या मागे, घरात, मधल्या खोलीचे दार आपटल्याचे ऐकू आले.

सुरुंगाची रोजची वेळ दीडची. परवान्याच्या अटींत ती लिहिलेली आहे. आधी भोंगा वाजवावा, रस्त्यावर लाल निशाण घेऊन माणूस उभा करावा, हेही लिहिलेले आहे. भोंगा पहिल्या वर्षी वाजला. निशाणाचा माणूस दुसऱ्या वर्षापर्यंत दिसे. वेळ मात्र बहुधा पाळली जाई, आणि माझ्या पत्नीचा दिवस त्या वेळेला बांधलेला होता. सव्वा वाजला की ती गॅस बंद करी, हातातले असेल ते खाली ठेवी आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या कट्ट्यावर जाऊन बसे. दोन्ही तळवे कट्ट्याला टेकलेले. सुरुंग झाला की लुगड्यावरची धूळ झटकून पुन्हा आत. या बसण्याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

त्या दिवशी सुरुंग वीस मिनिटे आधी उडाला, आणि ती आत होती.

मी धावत गेलो असे लिहिणार नाही. सत्तरीला टेकलेला माणूस धावत नाही. गेलो. दार बंद होते. ढकलले, हलले नाही. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात गिलावा फुटला होता आणि चौकट खाली दबून दाराच्या फळीवर बसली होती. आतून ती दारावर तळहात आपटत होती. हाक नाही, रडणे नाही. फक्त तळहात, एका लयीत, थांबण्याचे नाव नाही.

"मी आहे बाहेर. दारापासून बाजूला हो," मी म्हणालो.

तळहात थांबले नाहीत.

त्याच वेळी फाटकात मोटारसायकल थांबली. आमच्या गावचा जुना कोतवाल आला होता. मी नोकरीत असताना सरकारी कामात हा माझ्या हाताखालचा माणूस. दवंडी, निरोप, पंचनाम्याला पंच गोळा करणे, ही त्याची कामे. आता दोघेही निवृत्त. चार वाजता तालुक्याला सुनावणी होती, आणि तो मला न्यायला आला होता. त्याने काही विचारले नाही. शेजारच्या घरातून पहार आणली आणि चौकटीच्या फटीत घातली.

"वैनी, मागं सरा! पहार लागंल!" तो ओरडला. मला म्हणाला, "साहेब, तुमी खालनं रेटा. कागद नंतर बांधा."

दप्तर अजून माझ्या काखेत होते. ते खाली ठेवले तेव्हा मला कळले.

सहा मिनिटे लागली. घड्याळ पाहण्याची सवय नोकरीने लावली. ती अशा वेळीही सुटत नाही. दार उघडले तेव्हा ती उंबऱ्याशी उभी होती. केसांत चुना. उजव्या तळव्याची साल गेलेली. ती आमच्या दोघांच्या मधून निघून कट्ट्यावर जाऊन बसली. सुरुंग होऊन गेला होता, तरी बसली. थोड्या वेळाने म्हणाली,

"वरवंटा कुठं ठिवलाव?"

हे सांगण्यासाठी मागे जावे लागेल.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचे गाव पडले. मी तेव्हा तलाठी होतो. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्ताच्या कामासाठी त्या रात्री तालुक्याला होतो. घरात पत्नी होती आणि आठ वर्षांची मुलगी. दाराला आतून कडी घातलेली होती, कारण घरात पुरुष नव्हता. पहाटे भिंती हलल्या तेव्हा पत्नीने कडी काढली, पण दार उघडले नाही. वरून दगड आले होते. तिला दुसऱ्या दिवशी दुपारी काढले. मुलीला त्यानंतर. एवढे पुरे.

ढिगाऱ्यातून जे मिळाले त्यात वरवंटा होता. पाटा फुटला होता. नव्या वसाहतीत घर मिळाल्यावर तिने तो वरवंटा मधल्या दाराला आतून टेकण म्हणून ठेवला. दार मिटू नये एवढेच त्याचे काम. तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याही दाराला रात्रीही कडी लागलेली नाही. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना चमत्कारिक वाटते, दुसऱ्या रात्री ते विचारत नाहीत. आमच्या भागात पुष्कळ घरांत असे आहे.

सुनावणीच्या त्या दुपारी मी मधल्या खोलीतून कागदांची लोखंडी पेटी ओढून बाहेर आणली. पेटीला वाट व्हावी म्हणून वरवंटा बाजूला सारला. परत ठेवला नाही.

"पेटी काढताना सरकवला," मी सांगितले.

"व्हय," ती म्हणाली. 

खाण आमच्या वसाहतीच्या उत्तरेला आहे. आमच्या फाटकापासून तिच्या कुंपणापर्यंत मी चालत मोजले आहे. चारशे दहा पावले भरतात, आणि माझे पाऊल आता लहान झाले आहे. पूर्वी तिथे माळ होता. काळा कातळ, त्यावर विंचवाचे बीळ आणि बोराटी, याशिवाय काही नाही. आता तिथे खड्डा आहे, त्याच्या काठाला खडी फोडण्याचे यंत्र, आणि दिवसभर खडीने भरलेले हायवा डंपर उमरग्याच्या हमरस्त्याकडे निघालेले. वाळत घातलेल्या कपड्यांना दुपारपर्यंत राखेचा रंग येतो. हे सगळे सहन होते. माणूस धुळीला सरावतो. जमीन हलण्याला आमच्या भागातला माणूस सरावत नाही.

अशा ठिकाणी खाणपट्टा कसा मिळाला, असे बाहेरचे लोक विचारतात. परवानगीपूर्वी जागेची पाहणी करावी लागते. वस्तीपासूनचे अंतर लिहावे लागते. नियमात ठरलेल्या अंतराच्या आत वस्ती असेल तर परवानगी मिळत नाही. नियम चांगला आहे, स्पष्ट आहे.

ती पाहणी मी केली. अहवालावर सही माझी आहे.

तेव्हा मी मंडळ अधिकारी होतो, निवृत्तीला एक वर्ष होते. अर्ज वरून आला, मी तारीख लावली आणि कोतवालाला घेऊन पाहणीला निघालो. आमच्या खात्याची जुनी रीत अशी की गावाचे कोणतेही अंतर वेशीपासून धरायचे. नदी किती लांब, शीव किती लांब, रस्ता किती लांब, सगळे वेशीपासून. गावनकाशात गावठाण जिथे दाखवले आहे, तिथेच वेस. माझ्या आधीच्या तलाठ्याने तसेच मोजले, त्याच्या आधीच्याने तसेच. भूकंपात गाव गेले, पण वेशीची कमान उरली. आजही आहे. तिच्या आत बाभळी आहेत आणि पडलेल्या भिंतींचे दगड आहेत. माणूस एकही नाही. वसाहतीचा नकाशा निराळ्या कागदावर आहे. तो गावनकाशाला कधी जोडला गेला नाही.

मी मोटारसायकल जुन्या गावात नेली. वेशीखाली उभी केली. मीटरवरचा आकडा वहीत लिहिला. मागे बसलेला कोतवाल म्हणाला,

"साहेब, मीटर हितनं कशाला धरालाव? हितं भुतं ऱ्हात्यात. माणसं तर तिकडं हायती."

मी म्हणालो, "तुला विचारले नाही. बस मागे."

तो बसला. आम्ही माळापर्यंत गेलो, आकडा लिहिला, वजाबाकी केली. दोन किलोमीटरच्या वर भरले. कार्यालयात नकाशावर पट्टी ठेवून ताडून पाहिले, जुळले. रकान्यात लिहिले आणि सही केली. त्या संध्याकाळी त्याच माळावरून, त्याच वसाहतीत, माझ्या घरी जेवायला आलो.

कोणी मला काही दिले नव्हते. दिले असते तर निदान कारण सापडले असते. मी पुष्कळ वर्षे कारण शोधले आहे. नकाशा दुरुस्त करणे माझे काम नव्हते, हे एक. दुसरे असे की वसाहतीला मी मनातून गाव मानले नव्हते. माझे गाव कमानीच्या आत होते. अंतर मोजायचे तर तिथूनच, असे हाताला वाटले आणि हाताने तसे केले. नियम पाळला आणि तो कशासाठी केला आहे ते पाहिले नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत असे किती वेळा झाले असेल, ते मला माहीत नाही, कारण इतर ठिकाणी मी राहायला गेलो नाही.

सुरुंग सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मी पहिली तक्रार दिली. त्यानंतर आणखी. प्रत्येक तक्रारीला उत्तर आले आणि प्रत्येक उत्तरात माझ्याच अहवालाचा हवाला होता. अहवालाची तारीख, जावक क्रमांक, अंतर. शेवटी पट्ट्याची मुदत संपत आली, पट्टेदाराने नूतनीकरणाचा अर्ज केला आणि हरकती मागवल्या गेल्या. मी हरकत दिली. कोतवाल साक्षीदार. आम्हा दोघांखेरीज कोणी आले नाही. वसाहतीतली निम्मी घरे खाणीवर कामाला आहेत, उरलेल्या निम्म्यांचे कोणीतरी हायवावर आहे. त्यांना दोष देत नाही.

निघताना शेजारची बाई पत्नीजवळ येऊन बसली होती. तळव्याला हळद लावत होती. मी विचारले, "जाऊ ना?"

"जावा की," पत्नी म्हणाली. "लिवलाव तुमी. खोडायबी तुमीच जावा."

रस्त्यात कोतवाल बोलत होता. गप्प राहणे त्याला जमत नाही.

"साहेब, आज म्या बोलनार बरं का. लई दिवस गप्प ऱ्हायलो. साहेबासमोर कोतवालानं बोलू नये म्हनून ऱ्हायलो."

"विचारतील तेवढेच बोल."

"तुमी जलमभर त्येच सांगितलाव. विचारतील तेवढंच. कुनी काय इचारलंच न्हाय, मग बोलनार कवा?"

"पुढे बघ. हायवा येतोय."

"येऊ द्या की. आपला दगुड हाय त्यात. वळख दाखवंल."

कार्यालयात आम्ही पावणेचारला पोचलो. मी जिथे काम केले ते हे कार्यालय नव्हे, पण खोल्या सगळ्या सारख्याच. तोच हिरवा रंग, तीच बांधलेली दप्तरे. शिपायाने नाव पुकारले. अधिकारी बाई तरुण होत्या, माझी मुलगी असती तर तिच्याहून लहान. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. माझ्या वेळी हरकतदाराला खुर्ची देत नसत. मी देत नसे.

पट्टेदार आला नव्हता. त्याचा वकील होता. पातळ फाईल, नीट बोलणे. त्याने फाईलमधून माझ्या अहवालाची नक्कल काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"काका, अक्षर तुमचं?"

"माझे."

"सही?"

"माझी."

"अंतराच्या रकान्यात जे लिहिलंय ते तुम्ही स्वतः मोजलं की कोणी सांगितलं?"

"स्वतः मोजले."

"मग हरकत कसली?" तो अधिकाऱ्यांकडे वळला. "मॅडम, हरकतदार स्वतःच्या अहवालावर हरकत घेत आहेत."

मी उभा राहिलो. नकाशा उलगडला. जुने गावठाण कोणते, वसाहत कुठे, माळ कुठे, हे दाखवले. अंतर जुन्या गावठाणापासून घेतले, तिथे आता कोणी राहत नाही, वसाहत खाणीला लागून आहे, हे सांगितले. आज दुपारी ठरल्या वेळेआधी सुरुंग उडाला हेही सांगितले. दार अडकल्याचे सांगितले नाही. ते कागदावर कसे लिहायचे, मला सुचले नाही.

बाईंनी सगळे ऐकले. मध्ये थांबवले नाही. मग विचारले, "म्हणजे तेव्हा तुमच्याकडून अनवधानाने चूक झाली, असं तुमचं म्हणणं?"

मी बोलण्याआधी मागून कोतवाल बोलला.

"अनवधान न्हाय मॅडम. म्या तवाच म्हनलो हुतो साहेबाला! हितं भुतं ऱ्हात्यात, माणसं तिकडं हायती, असं म्हनलो. इचारा त्यांला. माझी शपथ."

तो हसत होता. त्याला वाटले, त्याने बाजी मारली. वसाहत तेव्हाही तिथेच होती, याचा साक्षीदार आपण आहोत, हे त्याने सिद्ध केले होते. आणि खरोखर ते सिद्ध झालेच.

वकिलाने फाईल मिटली. मग फार हळू म्हणाला, "म्हणजे काकांना माहिती होती. माहिती असून लिहिलं. मॅडम, हे चूक नव्हे, हा खोटा अहवाल झाला, त्यांच्याच साक्षीदाराच्या तोंडून. ज्यांनी तेव्हा जाणूनबुजून खोटं लिहिलं, ते आज खरं बोलतात, याला आधार काय? उद्या तिसरंच काही सांगतील."

कोतवालाचे हसू गेले. "तसं न्हाय ओ वकीलसाहेब. साहेब लई सच्चा माणूस हाय. चहासुदिक स्वतःच्या पैशानं पितो."

"तोच तर प्रश्न आहे, मामा," वकील म्हणाला. "सच्चा माणूस आहे म्हणूनच सरकारनं त्यांच्या कागदावर विश्वास ठेवला."



बाई माझ्याकडे पाहत होत्या. "तुम्हाला यावर काही सांगायचं आहे? सांगायलाच पाहिजे असं नाही. हे मी नोंदवलं तर तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं."

अनवधान म्हणालो असतो तर कोतवाल खोटा ठरला असता. कोतवाल खोटा ठरला तर वसाहतीचा एकमेव साक्षीदार गेला असता. हा हिशेब मी केला हे खरे. पण त्याआधीच उत्तर तयार होते.

"नोंदवा," मी म्हणालो. "मला माहिती होती. मी तिथेच राहत होतो."

त्यांनी लिहून घेतले. लिपिकाने वाचून दाखवले. मी सही केली. सही तीच, अहवालावरची. मधल्या काळात तीत काही फरक पडलेला नाही.

मग बाईंनी आदेश सांगितला. जागेची फेरमोजणी व्हावी, त्यासाठी मोजणी खात्याला पत्र द्यावे. मोजणी अभिलेखावरील गावठाणापासून करावी. वसाहत गावनकाशात नोंदलेली नसल्याने तिच्या नोंदीचा प्रस्ताव स्वतंत्रपणे संबंधित खात्याकडे सादर करावा. चालू पट्ट्याची मुदत संपलेली नाही. अटींचा भंग अभिलेखावरून दिसून येत नाही. सबब काम थांबवण्याचे कारण नाही. सुरुंगाच्या वेळेबाबत पट्टेदारास समज द्यावी. हरकतदाराच्या कबुलीची प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठवावी.

प्रत्येक वाक्य मला पाठ होते. त्यातल्या बहुतेकांचे मसुदे मी स्वतः तयार केलेले आहेत. फेरमोजणी पुन्हा त्याच कमानीपासून होणार आणि पुन्हा तेवढेच भरणार. प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणार, आणि ज्या टेबलावर थांबेल तिथे कोणीतरी, मी जसा होतो तसा, हे आपले काम नव्हे असे प्रामाणिकपणे लिहिणार.

वकील गेल्यावर बाईंनी पेन ठेवले.

"मला कळतंय हो काका," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर कागद आहे. तुम्ही या खुर्चीत असता तर काय आदेश दिला असता?"

"हाच," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मला वाटते त्यांना दुसरे उत्तर हवे होते. 

बाहेर कोतवाल पायरीवर बसला होता. टोपी हातात.

"साहेब, म्या घात केला."

"तू खरे बोललास."

"खरं बोलूनच केला की. गप्प ऱ्हायलो असतो तर?"

"गप्प तेव्हा बसलास. मी सांगितले म्हणून." मी मोटारसायकलकडे चालू लागलो. "चल. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचे आहे."

येताना तो बोलला नाही. तीस वर्षांत तो पहिल्यांदा माझ्याबरोबर सबंध रस्ता गप्प बसला. सास्तूरच्या बाजूला जाणाऱ्या फाट्यावर त्याने गाडी थांबवली, पाणी प्याला, मला दिले, आणि पुन्हा गाडी सुरू केली. जुन्या गावाची कमान उजव्या हाताला दिसते. एरवी तो कमानीसमोरून जाताना हात जोडतो. त्या दिवशी जोडला नाही. मी कधीच जोडत नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन पिवळे झाले होते. पत्नी कट्ट्यावरच होती. शेजारीण स्वयंपाकाला घरी गेली होती. कोतवाल फाटकातूनच म्हणाला, "वैनी, न्हाय जमलं," आणि आत न येता गेला.

मी तिच्या शेजारी बसलो. आदेश जसाच्या तसा सांगितला. कबुलीचेही सांगितले. ती ऐकत होती. बांधलेला हात मांडीवर होता.

"म्हंजी उद्या दीडला हायच," ती म्हणाली.

"आहे."

"का एकला?"

"ते सांगता येत नाही."

तिने बांधलेला हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुमी तवा तालुक्याला हुतात म्हनून तुमच्या जिवाला कळलं न्हाय. आतून दार कसं लागतं ते. आज तुमी भायेरच हुतात. सहा हाताच्या आत." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुमी हितं असतात तरी उघडलं नसतं. येवढं कळलं आज."

ती हे समजूत घालण्यासाठी म्हणाली की दोष देण्यासाठी, मला ठरवता आले नाही. एकतीस वर्षे मी असे धरून चाललो होतो की मी घरी असतो तर दार उघडले असते. तेवढ्यावर माझे चालले होते. आता तेही नाही.  

"आत जाशील का?" थोड्या वेळाने मी विचारले.

"त्या दारातनं न्हाय जायची."

घराला दुसरी वाट नाही. स्वयंपाकघर आणि निजायची जागा मधल्या खोलीच्या पलीकडे आहे. मी उठलो. चौकटीच्या कोपऱ्यातून वर गेलेली भिंतीची जुनी भेग पाहिली. दुपारी ती चौकटीपासून वर वीतभर होती. आता छपराला टेकली होती. भेग वाढते का ते कळावे म्हणून वर्षभरापूर्वी मी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घातली होती, सही केली होती. नोकरीत जप्त केलेल्या गाडीच्या दाराला आम्ही जशी पट्टी लावत असू, तशीच. पट्टी मधोमध फाटली होती. अर्धी सही एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. नवी पट्टी लावावी असे मनात आले, आणि कोणाला दाखवायची, हेही मनात आले. लावली नाही.

अवजारांच्या पिशवीतून पेचकस आणि हातोडी काढली. मधल्या दाराला तीन बिजागऱ्या होत्या, प्रत्येकीला चार स्क्रू. वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजले होते. त्यांवर घासलेट सोडून थांबावे लागले. खालच्या दोन सहज सुटल्या. फळी जड होती, सागाची. मीच हौसेने करून घेतली होती. ती उचलणे मला शक्य नव्हते म्हणून एकेक कोपरा सरकवत उंबऱ्याबाहेर काढली. पत्नी कट्ट्यावरून पाहत होती. मदतीला उठली नाही, आणि मी बोलावले नाही. स्क्रू मोजून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकले. अकरा निघाले, एक मोडला. चौकटीला दोन खिळे मारून तिचे जुने लुगडे पडद्यासारखे अडकवले आणि एका बाजूला सारून ठेवले.

ती उठली, आत गेली. जाताना चौकटीला हात लावला नाही. थोड्या वेळाने आतून पातेल्याचा आवाज आला.

मी फळी अंगणात भिंतीजवळ आडवी केली. वारा सुटला होता. एवढी जड फळी त्याने हलणार नव्हती, तरी मधल्या खोलीतला वरवंटा आणून तिच्यावर ठेवला.